उलटी कॉइल

"अहो हळू, हळू! मोटर आहे ती, दगड नाही," ताई ओरडली, पण तोवर संग्रहालयाच्या शिपायानं पिशवी काउंटरवर आदळली होती.

"जळकीच आहे, ताई. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मग आपटण्याला काय भिणार?" शिपाई म्हणाला आणि बोलावण्याची वाट न बघता स्टूल ओढून बसला. त्याला या दुकानात बसायला फार आवडायचं. दुरुस्त झालेले पंखे तपासणीसाठी इथं दिवसभर चालू असत. घाम पुसायला रुमाल लागत नसे आणि वर गप्पा फुकट.

"कशाची आहे?"

"टेबल फॅनचीच. पण फॅन म्हणायचा नाही हं त्याला! कलाकृती आहे. मॅडम रागावतात." शिपायानं आवाज खाली आणला. "पाती नाहीत त्याला. पात्यांच्या जागी झाडाची पानं लावलीत. जाळी पडलेली, नुसत्या शिरा उरलेली असतात ना, तसली. बटण दाबलं की हळूहळू फिरतात आणि फिरता फिरता अशी थरथरतात, अशी थरथरतात... लोक तासन् तास उभे राहतात. मी म्हणतो, पंख्याला पानं लावल्यावर वारा घ्यायचा कुठून?"

ताईच्या हातात सोल्डरची तार होती. ती तशीच वर राहिली.

"कॉलेजातून आलंय आमच्याकडे," शिपायाचं चालूच होतं. "तिथं म्हणे वर्षातून कधीतरी घटकाभर लावायचे. आमच्याकडे सकाळी चालू, संध्याकाळी बंद. मग परवा धूर निघाला. मॅडमनी बजावून सांगितलंय, घुंई आवाज यायला नको आणि ती थरथर आधी बंद झाली पाहिजे. थरथरीनंच जळली म्हणतात."

"काय आलंय गं?" आतल्या बाजूच्या खुर्चीतून मिस्तरींनी विचारलं.

"टेबल फॅन, बाबा," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

मिस्तरी म्हणजे ताईचे वडील. दुकान त्यांचं, पाटीवर नाव त्यांचं, आणि हात मात्र गेली वीस-बावीस वर्षं ताईचे. दुकानाच्या मागं घर. मध्ये भिंत म्हणावी तर नुसता पडदा. सकाळी पडदा सारला की ताई दुकानात आणि रात्री पडदा ओढला की घरात. येण्याजाण्याला चप्पलसुद्धा लागत नसे. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. तिच्याहून मोठे होते तेही ताईच म्हणायचे. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांनी डोकं खाजवलं असतं. पण माणसाला पंखा नीट फिरण्याशी मतलब, फिरवणारीच्या नावाशी कुणाला काय!

शिपाई चहा पिऊन गेला. ताईनं मोटर उलटी केली. बुडाशी काळा रंग होता आणि जिथं तो उडाला होता तिथं खालून हिरवा दिसत होता. तो काळा रंग तिनंच दिला होता. तीन स्क्रू एका जातीचे आणि चौथा शिवणयंत्राचा. तोही तिनंच बसवला होता, कारण मूळचा हरवला होता आणि रात्र उलटून गेली होती. सकाळी प्रदर्शन होतं.

तिनं झाकण काढलं. आत चार मुख्य कॉइली करपून काळ्या पडलेल्या. तीन एका दिशेनं गुंडाळलेल्या. चौथी उलट.

ताई डावरी. मिस्तरींनी तिला लहानपणी दुकानात शिकवायला घेतलं तेव्हा पहिला नियम घातला होता, तार उजव्या हातानंच गुंडाळायची. त्यात त्यांचा दुष्टपणा काही नव्हता. सगळ्या कॉइली एका दिशेनं गुंडाळल्या तर जोडताना घोळ होत नाही. एखादी जरी उलटी गेली की मोटर आपल्याशीच भांडायला लागते. तिघी एकीकडे ओढतात, चौथी दुसरीकडे. मग मोटर घुमते, थरथरते, तापते आणि एक दिवस जळते. म्हणून उजवा हात. डावा पुढं आला की मिस्तरी पक्कडीनं टकटक करायचे. पोरीनं शहाण्यासारखं ऐकलं. उजव्या हातानं तार, उजव्या हातानं पक्कड. जेवणं तेवढं डाव्या हातानं राहिलं, तेही पाहुणे नसले तर.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिनं तो पंखा केला होता. बाकीची मुलं रंगवत होती, माती मळत होती. तिच्या घरी फक्त मोटरी. झाड आणि यंत्र एकत्र आलं तर काय होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पानं तिनं महिनाभर पाण्यात कुजवून, ब्रशनं साफ करून जाळी उरवली होती आणि दुकानातल्या वार्निशमध्ये बुडवून वाळवली होती. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कॉलेजातच मोटर गुंडाळायला बसली. तीन कॉइली झाल्या आणि उजवं मनगट भरून आलं. चौथी डाव्या हातानं केली. झोपेच्या गुंगीत जोड उलटा करायचा राहिला.

सकाळी बटण दाबलं आणि ती रडायच्या बेतात आली, कारण मोटर घुमायला लागली. पण पानांकडे बघितलं आणि थांबली. पानं नुसती फिरत नव्हती. वारा पडलेल्या दुपारी झाडावर एखादंच पान उगाच हलत असतं ना, तशी ती थरथरत होती. जणू त्यांना अजून झाडावरून तुटल्याचं कळलेलं नाही. तिनं ती कॉइल तशीच ठेवली. नाव दिलं, 'वारा नसताना'. पहिलं बक्षीस मिळालं आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कलाशाळेत दोन वर्षं शिकायची शिष्यवृत्तीही.

त्याच महिन्यात मिस्तरींच्या हाताला कंप सुटला. आधी नुसती करंगळी, मग पंजा. तार गुंडाळणाऱ्याचा हात हलायला लागला म्हणजे संपलंच की! आई आधीच गेलेली. "दोन महिने बघू, औषध लागू पडलं की झालं," असं ठरलं. औषध काही लागू पडलं नाही. ते दोन महिने अजून चालू होते.

दुपारी मिस्तरींचा डोळा लागला. ताईनं जुन्या कॉइली कापून काढल्या. तिघी जळक्या तारेच्या पोत्यात टाकल्या. चौथी टाकवेना, ती खणात ठेवली. मग नवी तार घेतली. पहिली, दुसरी, तिसरी, हात आपोआप चालला. चौथीला तिनं तार डाव्या हातात घेतली.

बोटं सुरुवातीला अडखळली. मग सुटली. किती वर्षांनी! तिला इतका आनंद झाला की तिचा तिलाच राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं हपापलेले होतो? गुंडाळून झाली, खाचेत बसवली, दोऱ्यानं बांधली, जोड केला. वार्निश ओतायच्या आधी मात्र एक गोष्ट राहत होती आणि ती टाळता येणार नव्हती.

दुकानातून कुठलीही मोटर मिस्तरींच्या तपासणीशिवाय बाहेर जात नसे. हात गेला तरी हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. मोटरीला बॅटरी जोडायची आणि एकेका कॉइलवरून छोटं होकायंत्र फिरवायचं. काटा आलटून पालटून उलटला पाहिजे, या कॉइलवर एकीकडे, पुढच्या कॉइलवर दुसरीकडे. होकायंत्र ताई धरायची, काटा मिस्तरी वाचायचे. ते उठले, चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली.

"चल. पहिली." काटा फिरला. "दुसरी. हं. तिसरी. हं. चौथी..."

काटा तिसरीवर होता तिथंच राहिला.

"उलटी गेली," मिस्तरी म्हणाले. मग वाकून बारकाईनं बघितलं. "हात बदललास?"

"हो."

"चुकून?"

"नाही."

मिस्तरींनी चष्मा काढला. "बरं आहे ना तुला? सोड ती कॉइल."

"उलटीच पाहिजे, बाबा."

"कुणाला पाहिजे?"

"मला," ताई म्हणाली आणि मग सगळं सांगून टाकलं. पंखा आपला, पानं आपली, ती कॉइल तेव्हापासून उलटी, बक्षीस मिळालं ते त्या थरथरीला.

मिस्तरी हसायला लागले. "म्हणजे बक्षीस उलट्या कॉइलला? अगं, परीक्षकांत एकही वाइंडिंगवाला नव्हता का?" ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं आणि खोकला लागला.

"हसू नका!" ताई एवढ्या जोरात म्हणाली की समोरचा शिंपी मान वर करून बघायला लागला. ते होकायंत्र रस्त्यावर भिरकावून द्यावं असं तिला वाटलं. "माझ्या हाताचं तेवढं एकच काम आहे जगात. बाकी सगळं तुमच्या हाताचं. माझा हात नुसता भाड्यानं दिलेला."

मिस्तरींचं हसू विझलं. "मी तुला जा म्हटलं होतं," ते म्हणाले. "शिकायला जा म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंत. कप हातात धरून म्हटलं होतंत, आणि चहा निम्मा बशीत, निम्मा सदऱ्यावर. मी कशी जाणार होते?"

मिस्तरींनी एका हातानं दुसरा हात धरून ठेवला. पण त्यानं काही होत नसे, दोन्ही मिळून हलत. शिंप्याचं यंत्र पुन्हा सुरू झालं. एक गिऱ्हाईक आलं, मिक्सर झाला का विचारून गेलं.

"पोरी," मिस्तरी शेवटी म्हणाले, "तिथं पोरंटोरं येतात ना बघायला?"

"येतात."

"सुकी पानं, वर वार्निश चढवलेलं. ही मोटर दिवसभर तापणार. परवा नुसता धूर आला. उद्या पेटली तर?"

ताईनं होकायंत्र खाली ठेवलं.

"तू बाहेर कुठं गुंडाळली असतीस तर मी बोललो नसतो. तुझं काम, तू बघ. पण जळणार हे माहीत असताना इथून मोटर जाणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही."

म्हातारा बरोबर होता. सगळ्यात वाईट हेच होतं. तो चुकला असता तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, दोन दिवस अबोला धरता आला असता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. थरथर आणायचे दुसरे मार्ग होते, नाही असं नाही. एखाद्या पानाला वजन लावायचं, दांडा फिरतो ती बुशाची कडी ढिली ठेवायची. पण ते थरथरण्याचं सोंग झालं असतं. आणि तिकडे मॅडमना ती थरथरच नको होती.

नुसता जोड उलटा करूनही भागलं असतं, पण डाव्या हाताची कॉइल अशी वळवून आत ठेवणं तिला नको होतं. तिनं दोरा कापला. चौथी कॉइल बाहेर काढली, तार सुटी केली आणि उजव्या हातानं पुन्हा गुंडाळली. संध्याकाळी मिस्तरींनी काटा वाचला. आलटून पालटून बरोबर फिरला. "पास," ते म्हणाले. एरवी हा शब्द ते मोठ्यानं म्हणत.

दुसऱ्या दिवशी वार्निश वाळल्यावर मोटर बसवायला कुणीतरी जायला हवं होतं. ताईनं खाटेखालून चपला शोधून काढल्या. एकीवर कोळ्यानं जाळं केलं होतं. ते झटकलं आणि निघाली.

संग्रहालयाचं दालन पांढरं, थंड आणि मोठं होतं. मधोमध एका चौथऱ्यावर तिचा पंखा उभा होता, पोट उघडं टाकून. पानं अजून सगळी जागच्या जागी होती. मधासारखा रंग चढला होता त्यांना. भिंतीवरच्या पाटीवर तिचं खरं नाव होतं. खाली 'वारा नसताना', त्याखाली लिहिलेलं, 'निसर्ग आणि यंत्र यांचा शोध घेणारं सुरुवातीचं काम'. नावापुढं जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि मग मोकळी जागा. आपलंच नाव तिनं दोनदा वाचलं. वाचताना उगाच लाजल्यासारखं झालं.

"तुम्ही स्वतः आलात? बरं झालं," मॅडम म्हणाल्या. वयानं लहान होत्या, बोलायला गोड. "सांभाळून हं. आमचा फार जीव आहे याच्यावर. या मुलीचं पुढचं काम आम्ही सगळीकडे शोधलं. कुठंच सापडत नाही. सुरुवात अशी म्हटल्यावर नंतर तिनं काय काय केलं असेल, नाही? तुम्हाला काय वाटतं?"

ताईनं वर बघितलं. छतावरचे पंखे संथ फिरत होते. गेल्या उन्हाळ्यात शिपाई ते एकेक करून दुकानात घेऊन आला होता.

'मीच ती' हे शब्द ओठांवर आले होते. दोनच शब्द. पण मग मॅडमनी हात हातात घेतले असते, खुर्ची दिली असती आणि डोळे मोठे करून तोच प्रश्न पुन्हा विचारला असता, मग पुढं काय केलंत? आणि रेघेपुढच्या मोकळ्या जागेत काय लिहायचं? 'मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप'?

"केलं असेल काहीतरी," ताई म्हणाली. "फिरत असेल कुठंतरी."

तिनं मोटर बसवली, चौथा स्क्रू शिवणयंत्राचाच लावला, रेग्युलेटर अगदी कमीवर ठेवला आणि बटण दाबलं. पानं फिरायला लागली. आवाज नाही, धक्का नाही. एकामागून एक, रांगेतल्या मुलांसारखी गुपचूप गोल गोल.

"वा! आता कसं छान, शांत झालं!" मॅडम खूश झाल्या. शिपायानं तर टाळीच वाजवली.

तेवढ्यात आईचं बोट धरून आलेली एक लहान मुलगी चौथऱ्यासमोर थांबली. तिनं मान तिरकी करून थोडा वेळ बघितलं.

"आई, हा तर नुसता पंखा आहे," ती म्हणाली. "आणि वारापण येत नाही."

सगळे हसले. ताईनं पक्कड, स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरले. मॅडमनी पावतीवर सही मागितली. तिनं दुकानाचं नाव लिहिलं आणि खाली नेहमीसारखी मिस्तरींच्या नावाची सही केली.

ती परतली तेव्हा गल्लीतली वीज गेली होती. दुकानातले सगळे पंखे थांबले होते आणि मिस्तरी दारापाशी, उजेडाच्या पट्ट्यात खुर्ची ओढून बसले होते.

"चाललं?"

"चाललं."

"थरथर?"

"नाही आता."

मिस्तरींनी मान हलवली. मग म्हणाले, "ती जुनी दाखव."

"कोणती?"

"खणात ठेवलीयस ती. मी झोपलो होतो, मेलो नव्हतो."

ताईनं खण उघडून ती करपलेली कॉइल त्यांच्या तळहातावर ठेवली. मिस्तरींनी चष्मा पुसला, कॉइल दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघितली.

"ओढ सगळीकडे सारखी आहे," ते म्हणाले. "एकही फेरा ढिला नाही. उजव्या हातानं तुला कधी एवढी एकसारखी जमली नाही." मग म्हणाले, "मला कधी दाखवली नाहीस."

वीज आली नव्हती. दुकानात वाऱ्याची झुळूक नव्हती, समोर शिंप्याच्या दारातला पडदासुद्धा हलत नव्हता. मिस्तरींच्या बोटांत ती कॉइल थरथरत होती, तिची सुटी टोकं थरथरत होती. ती हातातून काढून घ्यावी असं ताईला वाटलं. पण पायांतल्या चपलाही न काढता ती तशीच बघत उभी राहिली.